हॉस्पिटल मॅनेजमेंटचं पदव्युत्तर शिक्षण : इंदूरहून निघणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी

‘मुलीचं फिजिओथेरपी झालंय, आता हॉस्पिटलचं एमबीए करायचं म्हणते. करू द्यावं का हो?’ लोकमान्य नगरात, सुदामा नगरात, कधी गणपतीच्या मांडवात तर कधी नाटकाच्या मध्यंतरात हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. मी एका खासगी हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात काम करते, त्यामुळे उत्तर माझ्याकडे तयार असणार असं लोकांना वाटतं. ते उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या शिक्षणात कोर्सचं नाव, कॉलेजची इमारत आणि ब्रोशरवरचे हसरे चेहरे यांना फारसा अर्थ नाही. दोन वर्षांत तुम्हाला खऱ्या हॉस्पिटलात, खऱ्या कामावर किती आठवडे उभं करणार, हे विचारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाभोवतीच आहेत.

पहिली पायरी : फॉर्म भरण्याआधी एक डिस्चार्ज बघा

घरातलं, शेजारचं कुणी ना कुणी दाखल होतंच. त्यांच्यासोबत डिस्चार्जच्या दिवशी सकाळपासून बसा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा.

साडेदहाच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, ‘काकांना आज घरी जाऊ द्या.’ काकू लगेच पिशव्या भरायला घेतात, मुलगा गाडी बोलावतो. इकडे डिस्चार्ज समरी लिहिणारा रेसिडेंट डॉक्टर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात अडकलेला. वॉर्डातली न वापरलेली इंजेक्शनं फार्मसीत परत गेल्याशिवाय बिल बंद होत नाही, आणि ती घेऊन जाणारा वॉर्डबॉय दुसऱ्या पेशंटला एक्स-रेला घेऊन गेलाय. मधे एकदा हृदयरोगतज्ज्ञ येऊन बघून गेले होते, त्यांची व्हिजिट बिलात चढलेलीच नाही. सगळं जुळवून फायनल बिल टीपीए डेस्कवरून (विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या काउंटरवरून) विमा कंपनीकडे जातं, तर तिकडून क्वेरी येते : इम्प्लांटचं (शरीरात बसवलेल्या कृत्रिम भागाचं) स्टिकर जोडलेलं नाही. स्टिकर आहे, पण ते ओटीच्या फाइलमध्ये. चार वाजतात. काकूंनी भरलेल्या पिशव्या पुन्हा उघडून बिस्किटं काढलेली असतात, मुलगा काउंटरवर आवाज चढवतो, आणि खाली कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) एक पेशंट याच बेडची वाट बघत स्ट्रेचरवर पडून असतो.

विमा नियामकाने मे २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेस डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायला सांगितलं आहे. पण हे तीन तास सुरू होतात ते हॉस्पिटलची विनंती विमा कंपनीकडे पोहोचल्यावर. त्याआधीचे चार तास हॉस्पिटलचे स्वतःचे असतात, आणि ते कमी करणं हे कुठल्याच डॉक्टरचं काम नसतं. कुणीतरी ठरवावं लागतं की उद्या जाणाऱ्यांची यादी आज संध्याकाळीच निघेल, औषधं रात्रीच परत जातील, समरीचा कच्चा मसुदा आदल्या दिवशीच तयार असेल, आणि इम्प्लांटचं स्टिकर ऑपरेशन संपताच दोन फाइलींत लागेल. मग ते वॉर्डाच्या सिस्टरला, रेसिडेंटला, फार्मसीला आणि बिलिंगला पटवावं लागतं, आणि यातलं कुणीही थेट तुमच्या हाताखाली नसतं. तुम्हाला जे शिकायचं आहे ते हेच.

याला हिशोबाची बाजूही आहे. १०० बेडच्या हॉस्पिटलात ३० दिवसांच्या महिन्यात ३,००० बेड-दिवस असतात. त्यातले २,४०० भरलेले असतील तर ऑक्युपन्सी ८० टक्के. त्या महिन्यात ६०० पेशंट घरी गेले असतील तर सरासरी मुक्काम ४ दिवस. हाच मुक्काम साडेतीन दिवसांवर आला, तर तेवढ्याच बेड-दिवसांत ६८५ पेशंट बसतात. एकही नवा बेड न घेता ८५ माणसांची सोय झाली. हे गणित वाचून डोळे चमकले तर पुढे वाचा. कंटाळा आला असेल तरी हरकत नाही, पण मग दोन वर्षं आणि काही लाख रुपये घालवण्याआधी पुन्हा विचार करा.

आणि हे काम म्हणजे नुसतं बिलं आणि बेड नव्हे. २०२५ साली इंदूरच्या आपल्याच एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलात नवजात बाळांना उंदीर चावल्याचं प्रकरण देशभर गाजलं आणि हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्यात चर्चा शस्त्रक्रियेची किंवा औषधाची नव्हती. पेस्ट कंट्रोलचं कंत्राट, त्यावरची देखरेख, दिसलं ते वरपर्यंत कळवणं, याची होती. हॉस्पिटल प्रशासन कशाशी खातात, असं विचारणाऱ्यांना मी आता हेच उदाहरण देते.

दुसरी पायरी : तुमची आधीची पदवी कोणती?

एमबीबीएस असाल तर तुमच्यासाठी एक दार आहे जे इतरांना नाही : एमडी हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. तीन वर्षांचा रेसिडेन्सीसारखा कोर्स, प्रवेश नीट-पीजी या परीक्षेतून आणि एम्ससारख्या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी या वेगळ्या परीक्षेतून. दिल्लीच्या एम्समध्ये आणि पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात तो चालतो. सर्जरी-मेडिसिनच्या गर्दीत हा पर्याय कित्येक एमबीबीएस मुलांच्या गावीही नसतो. ज्यांना मोठ्या सरकारी किंवा अध्यापन हॉस्पिटलात मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या खुर्चीकडे जायचं आहे, त्यांच्यासाठी माझ्या मते हीच वाट सगळ्यांत भक्कम.

बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, फार्मसी, नर्सिंग हा सगळ्यांत मोठा गट. यांच्यासाठी एमएचए (मास्टर ऑफ हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) किंवा हॉस्पिटल-हेल्थकेअरचं एमबीए. घरात थोडी नाराजी असते, ‘शेवटी डॉक्टरकी सोडलीच का?’ ती मनावर घेऊ नका. उलट वॉर्डची भाषा तुम्हाला आधीच येते आणि वर्गात पहिल्या सहामाहीत तुम्ही इतरांच्या पुढे असता. अडतं ते अकाउंट्स आणि आकडेवारीत. बॅलन्स शीट, कॉस्टिंग, एक्सेल यांची तयारी प्रवेशाआधीच्या उन्हाळ्यात करून टाका.

नर्सिंगवाल्यांसाठी खास दोन शब्द. मी ज्यांच्या हाताखाली सगळ्यांत जास्त शिकले त्या एक नर्सिंग सुपरिंटेंडेंट होत्या. हॉस्पिटल चोवीस तास कोण चालवतं हे सिस्टरला ठाऊक असतं. दोन-तीन वर्षं वॉर्डात काढून मग मॅनेजमेंटकडे वळलेली नर्स मुलाखतीत बाकीच्यांना सहज मागे टाकते. फक्त ती अर्जच करत नाही, ही अडचण.

बी.कॉम., बीबीए, इंजिनीअरिंग झालेल्यांनाही बहुतेक एमबीए कोर्स खुले असतात. खरेदी, फायनान्स, आयटी, विम्याचे क्लेम या बाजूंना तुमची गरज आहेच. मात्र पहिल्या वर्षी मेडिकल शब्दसंपदा घासून घ्यावी लागते. आयसीयू आणि एचडीयू (आयसीयूपेक्षा थोडी कमी देखरेख लागणाऱ्यांचा विभाग) यांमधला फरक माहीत नसलेल्या मॅनेजरचं डॉक्टर ऐकत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही.

आधीच नोकरीत असाल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा हॉस्पिटल अँड हेल्थ मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा वर्षानुवर्षं चालू आहे. त्याच्या पात्रतेच्या अटी नीट वाचा, तो सरसकट सगळ्यांना खुला नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन कुठलाही कोर्स घेताना त्या सत्रासाठी, त्या विद्यापीठाला, त्याच विषयाची मान्यता यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आहे का ते बघा. मागच्या वर्षी होती म्हणजे या वर्षी असेलच असं नाही. हॉस्पिटलात नोकरी नसताना नुसता दूरस्थ कोर्स करण्याच्या मी विरोधात आहे. पोहण्याचं पुस्तक वाचून तलावात उतरण्यातला प्रकार तो.

तिसरी पायरी : नावांचं जंगल

एमएचए, एमबीए हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, एमबीए हेल्थकेअर मॅनेजमेंट, पीजीडीएम, एमपीएच. पहिल्या तीन विद्यापीठाच्या पदव्या, अभ्यासक्रमही बऱ्यापैकी सारखा. पीजीडीएम ही स्वतंत्र संस्थांची, एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने चालणारी पदविका. नोकरीच्या बाजारात ती एमबीएच्या बरोबरीने चालते, पण पुढे पीएचडी किंवा सरकारी पद मनात असेल तर त्या पदविकेला समकक्षता आहे का ते आधी तपासा. एमपीएच वेगळं : ते सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण. लसीकरण, साथीचे रोग, माता-बाल आरोग्य, जिल्ह्याचं नियोजन. झाबुआ-अलीराजपूरच्या कुपोषणावर काम करावंसं वाटत असेल तर एमपीएच करा. पंचतारांकित लॉबीचं हॉस्पिटल चालवायचं असेल तर नको.

डॉक्टरांसाठी नॅशनल मेडिकल कमिशन आहे, परिचारिकांसाठी परिषद आहे. हॉस्पिटल मॅनेजरसाठी अशी नोंदणी करणारी परिषद नाही, परवाना लागत नाही. म्हणूनच कुणीही उठून कोर्स काढतं, आणि चाळणी तुमची तुम्हालाच लावावी लागते.

चौथी पायरी : इंदूरमध्ये राहायचं की बाहेर जायचं

इंदूरमध्ये पहिलं नाव देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयएमएस या व्यवस्थापन विभागाचं. खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरात हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं एमबीए चालतं. विद्यापीठाचा विभाग असल्याने फी खासगी संस्थांच्या मानाने आवाक्यातली, आणि शहरातल्या हॉस्पिटलांत जुने विद्यार्थी पसरलेले. याशिवाय खासगी विद्यापीठं आणि एमबीए कॉलेजं आहेत. त्यांतली काही नावापुरता हॉस्पिटलचा एखादा ऐच्छिक पेपर ठेवून जाहिरातीत मोठं नाव लावतात.

बाहेर जायचं तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्याचं सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ सायन्सेस, आणि १९८४ साली जयपूरला सुरू झालेली आयआयएचएमआर ही आरोग्य व्यवस्थापनाची संस्था, जी आता विद्यापीठ आहे. त्याच नावाची संस्था दिल्लीतही आहे. टाटा संस्थेत सार्वजनिक आरोग्याची आणि सामाजिक बाजूची जाण चांगली येते. पुण्यात कॉर्पोरेट हॉस्पिटलांचा वावर जास्त, शिवाय इंदूरकराची मावशी किंवा आत्या तिथे असतेच. जयपूरचा भर आरोग्यव्यवस्था आणि संशोधनावर.

माझं मत विचाराल तर : पुढे इंदूरमध्येच काम करायचं, घरची जबाबदारी आहे, कर्ज नको, असं असेल तर आयएमएस करून इथल्याच हॉस्पिटलात पाय रोवावे. एम.वाय., चोइथराम, बॉम्बे हॉस्पिटल, अरबिंदो अशी सरकारी, ट्रस्टची आणि मेडिकल कॉलेजची वेगवेगळ्या प्रकारची हॉस्पिटलं एकाच शहरात असणं ही शिकणाऱ्यासाठी चैनच आहे. देशपातळीवरच्या साखळी हॉस्पिटलांत किंवा सल्लागार कंपन्यांत जायचं असेल तर मात्र बाहेर पडा.

पाचवी पायरी : कॉलेजची झडती

ही पायरी लोक टाळतात आणि मग दुसऱ्या वर्षी फोन करतात. प्रवेश समुपदेशक गोड बोलतो, त्याचं कामच ते. त्याला विचारण्याऐवजी शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा, कॉलेजच्या आत नाही, बाहेरच्या चहाच्या टपरीवर. भंवरकुआँला तर अशा टपऱ्यांची वाण नाही. काय विचारायचं ते सांगते.

पोस्टिंग किती आठवड्यांचं, कुठल्या हॉस्पिटलात, किती बेडच्या? तिथे काय काम दिलं? ‘ऑब्झर्व्हेशन’ हा शब्द ऐकला की सावध व्हा. त्याचा अर्थ बहुधा कोपऱ्यात उभं राहून फोनमध्ये बघणं असा होतो. स्वतःचं हॉस्पिटल असलेली संस्था चांगली, पण त्यातही मेख आहे. काही ठिकाणी विद्यार्थ्यांना महिनोन्महिने रजिस्ट्रेशन काउंटरवर फुकटचे क्लार्क म्हणून बसवतात. पोस्टिंग ओपीडी, ओटी, स्टोअर, सीएसएसडी (उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग), मेडिकल रेकॉर्ड, बिलिंग, क्वालिटी अशा विभागांतून फिरतं का, आणि प्रत्येक ठिकाणी कुणाला रिपोर्ट करायचं असतं, हे विचारा.

शिकवणारे कोण? पूर्ण वेळ प्राध्यापकांपैकी किती जणांनी हॉस्पिटल चालवलं आहे? बाहेरून येऊन शिकवणारा कार्यरत सुपरिंटेंडेंट एका तासात जे देतो ते स्लाइडमध्ये नसतं.

मागच्या वर्षीच्या प्रबंधांची यादी मागा. ‘रुग्ण समाधानाचा अभ्यास’ असे एका साच्याचे वीस विषय दिसले, तर मार्गदर्शन कसं आहे ते कळलं.

प्लेसमेंटचा सरासरी पगार विचारूच नका, एखाद्याला परदेशात मोठं पॅकेज मिळालं की सरासरी फुगते. मधल्या विद्यार्थ्याला किती मिळालं आणि कुठल्या पदावर, हे विचारा. एमबीए करून ‘पेशंट केअर एक्झिक्युटिव्ह’ म्हणून लागलेली मुलं मी बरीच बघते. ते पद वाईट नाही, पण त्यासाठी तेवढ्या फीची गरज होती का, हा हिशोब ज्याने त्याने करावा. लिंक्डइनवर पाच वर्षांपूर्वीची बॅच शोधून ती मंडळी आज कुठे आहेत ते पाहा. तो पुरावा कॉलेजला सजवता येत नाही.

सहावी पायरी : परीक्षा आणि वेळापत्रक

कॅट ही एमबीएची देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा नोव्हेंबरअखेर होते, त्याची नोंदणी ऑगस्टपासून. सिम्बायोसिसची स्नॅप डिसेंबरात. आयआयएचएमआरसारख्या संस्था कॅट, मॅट, सीमॅट यांपैकी एकाचा स्कोअर घेतात. अहिल्या विद्यापीठासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामाईक प्रवेशपरीक्षा, तिचे फॉर्म हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा साधारण मार्चमध्ये. २०२५ मध्ये ती ७५ प्रश्नांची, ९० मिनिटांची होती, बरोबरला ४ गुण, चुकीला १ वजा. मॅनेजमेंटच्या पेपरात इंग्रजी उतारे, गणित, तर्क आणि तक्त्यांचं विश्लेषण येतं. पण आधी विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत पेपरचा कोड बघा, मगच फॉर्म भरा. भलताच पेपर निवडला तर चांगल्या गुणांचाही उपयोग होत नाही. परीक्षेनंतर विद्यापीठाच्या काउन्सेलिंगची नोंदणी वेगळी करावी लागते, हेही बऱ्याच घरांत उशिरा समजतं.

मुलाखतीत आणि अर्जासोबतच्या निवेदनात ‘लहानपणापासून मला सेवेची आवड’ असं लिहू नका. पॅनेल दिवसभर तेच ऐकून कंटाळलेलं असतं. पहिल्या पायरीत बघितलेला डिस्चार्ज लिहा : किती वाजता काय अडलं, आणि तुम्ही असता तर पहिली कुठली गाठ सोडवली असती. सोबत आयुष्मान भारतची माहिती हवी : २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण देणारी योजना. तिच्या पॅकेज दरांचा (एकेका उपचारासाठी ठरवून दिलेल्या रकमेचा) खासगी हॉस्पिटलच्या हिशोबावर काय परिणाम होतो, यावर दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे.

सातवी पायरी : पैसे

फीच्या आकड्यात दुसऱ्या वर्षाच्या इंटर्नशिपचा खर्च नसतो. ती मुंबई-दिल्लीत पडली तर राहणं-खाणं तुमच्या खिशातून, आणि विद्यावेतन मिळेलच असं नाही. ते आधीच धरून चला. कर्ज घ्यायचं तर पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा : निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामिनाशिवाय कर्ज, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. तुमची संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेश पक्का करण्यापूर्वी पाहा.

आठवी पायरी : दोन वर्षांत काय पदरात पाडून घ्यायचं

वर्गातलं मार्केटिंग-एचआर कुठेही मिळतं. हॉस्पिटलचं म्हणून जे आहे ते घट्ट धरा.

एक, कायदे. मध्य प्रदेशात खासगी नर्सिंग होमची नोंदणी राज्याच्या १९७३ च्या उपचर्यागृह अधिनियमाखाली होते. महाराष्ट्रात किंवा दिल्लीत शिकून परतलेल्यांना हे माहीतच नसतं. सोनोग्राफीसाठी १९९४ चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा, एक्स-रे आणि सीटीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, आगीचं ना-हरकत प्रमाणपत्र. आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम : पिवळ्यात ड्रेसिंग आणि शरीराचे भाग, लालमध्ये नळ्या आणि आयव्ही सेट, पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड, निळ्यात काच. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही. कुठलंही हॉस्पिटल कसं चाललंय हे बघायचं असेल तर मी लॉबी बघत नाही, मागच्या बाजूला जाऊन लाल पिशवीत सुई सापडते का ते बघते.

दोन, एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मान्यता देणारं मंडळ. त्याच्या मानकांची दहा प्रकरणं आहेत, पाच पेशंटशी निगडित आणि पाच संस्थेशी. ती पाठ करू नका. एक मानक घ्या, पोस्टिंगच्या वॉर्डात जा आणि त्याचा पुरावा शोधा. पुरावा म्हणजे फाइलमधला कागद नव्हे. रात्रपाळीच्या नव्या सिस्टरला विचारल्यावर ती काय सांगते, तो खरा.

तीन, माणसं हलवणं. नेतृत्व म्हणून जे शिकवतात ते इथे येऊन टेकतं. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया सुरक्षा चेकलिस्ट २००८ मध्ये आली. पुढच्या वर्षी आठ शहरांतल्या हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नवी दिल्लीचंही एक हॉस्पिटल होतं. चेकलिस्ट वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आलं. इतका पुरावा असूनही ती बऱ्याच ठिकाणी ऑपरेशन झाल्यावर एका बैठकीत भरली जाते. ज्येष्ठ सर्जनला, तेही तुमच्या वडिलांच्या वयाच्या, ‘सर, सुरू करण्याआधी एक मिनिट थांबू या’ हे ओटीतली सिस्टर कधी म्हणू शकेल? तिच्या पाठीशी भूलतज्ज्ञ उभा राहिला तर. आणि तो कधी उभा राहील? त्याच्याशी तुम्ही आधी, एकट्याने, चहावर बोलला असाल तर. सर्क्युलर काढून हे होत नाही.

मदुराईच्या अरविंद नेत्रालयाचा अभ्यास सगळीकडे शिकवतात, तो मन लावून करा. १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांवर ते सुरू केलं, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया इतकी नेटकी बांधली की पैसे देणाऱ्यांच्या जोरावर न देणाऱ्यांचीही होऊ लागली. मात्र तीच रचना कॅज्युअल्टीला लावता येत नाही, कारण अपघात अपॉइंटमेंट घेऊन येत नाहीत. वर्गात हा मुद्दा काढा, चर्चा रंगते.

भाषेचंही भान ठेवा. एम.वाय.च्या ओपीडीत धार, झाबुआ, खरगोनहून येणारा माणूस भिली किंवा निमाडी बोलतो. इंग्रजीत छापलेलं संमतीपत्र त्याच्यापुढे धरून अंगठा घेतला, तर ती संमती कसली? प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर हा घ्या. किंवा ओपीडीतला प्रतीक्षेचा वेळ, ओटीचं पहिलं ऑपरेशन उशिरा सुरू होण्याची कारणं, औषधांच्या परतीला लागणारा वेळ. मोजता येईल, आधी-नंतर दाखवता येईल असा विषय हवा. एथिक्स कमिटीची परवानगी मिळायला वेळ लागतो, अर्ज पोस्टिंग सुरू होण्याआधीच टाका.

नववी पायरी : परदेश, पण घाई नको

ब्रिटनमध्ये हेल्थकेअर लीडरशिप अँड मॅनेजमेंट या नावाने एक वर्षाची एमएससी बऱ्याच विद्यापीठांत मिळते. तिथे १९८३ च्या ग्रिफिथ्स अहवालानंतर एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत व्यावसायिक व्यवस्थापक आले, त्यामुळे या विषयाची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत एमएचए साधारण दोन वर्षांचं, तिथे सीएएचएमई या संस्थेची मान्यता असलेला कोर्सच निवडावा. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर काम करायला मिळणारा ग्रॅज्युएट रूट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तरांसाठी दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा होतो आहे. एजंटकडून ऐकलेली मुदत तपासून घ्या.

पदवीनंतर लगेच जाऊ नका, हे माझं ठाम मत. तिथला अभ्यासक्रम अनुभवी लोकांना धरून रचलेला असतो आणि चर्चेत तुमच्याकडे सांगायला काही नसतं. इथे तीन-चार वर्षं काम करा, मग ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला अर्ज करा. तिला किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, खर्च पूर्ण मिळतो, आणि नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. निबंधात नेतृत्वाचं खरं उदाहरण मागतात. फार्मसी-परतीचा वेळ निम्म्यावर आणल्याची साधी गोष्ट तिथे पुष्कळ होते.

दहावी पायरी : पहिली नोकरी

ऑफर लेटरवर पदाच्या नावाखाली कामं काय लिहिली आहेत ते वाचा. ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ असेल तर कुठल्या विभागात किती महिने, हे लेखी मागा. पगारात थोडं कमी-जास्त झालं तरी चालेल, पण ऑपरेशन्स किंवा क्वालिटी मिळत असेल तर मार्केटिंग घेऊ नका. मार्केटिंगमधून ऑपरेशन्समध्ये परत येणं अवघड जातं, उलटा प्रवास सोपा.

आणि पहिल्या वर्षात रात्रपाळीच्या ड्यूटी मॅनेजरचं काम मागून घ्या. घरचे कुरकुर करतील, विशेषतः मुलींच्या. हॉस्पिटलने ने-आण करायला गाडी दिली पाहिजे, ते आधीच बोलून ठेवा. रात्री सुपरिंटेंडेंट घरी असतात, फोन तुमच्याकडे असतो. बायपासवरच्या अपघाताची मेडिको-लीगल नोंद, पोलीस ठाण्याला सूचना, ब्लड बँकेत न मिळणारा गट, आयसीयूत बेड नसताना दारात आलेली रुग्णवाहिका, डिपॉझिट भरू न शकणारं कुटुंब, मृत्यूनंतर जमलेले पन्नास नातेवाईक. पहिल्या आठवड्यातच जुन्या ड्यूटी मॅनेजरकडून त्यांचं रजिस्टर मागून मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी वाचून काढा, आणि कुठल्या प्रसंगी कुणाला उठवायचं त्याची नावं, नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी पहाटे तीनला संपते.